चक्रीखालचा साबण

रविवारी दुपारी जेवणाची भांडी उचलली, ओटा पुसला, म्हटलं आता घटकाभर पाठ टेकावी. तर आमचे हे टेबलाशी येऊन उभे. हातात जुन्या फडक्यात गुंडाळलेलं ते लोढणं.

"अगं, जरा बघतेस का? चक्री परत अडकतेय."

परत! माझ्या तोंडून "देवा" एवढंच निघालं. वर्षभरात ही तिसरी वेळ. लोकांच्या बायका रविवारी नवऱ्याचे शर्ट दुरुस्त करतात, माझ्या नशिबी नवऱ्याचं रिव्हॉल्व्हर. दोष कुणाला द्यायचा? बापाचं हत्यार दुरुस्तीचं दुकान होतं, भाऊ नव्हता, आणि मला गप्प बसवायला वडील हातात चिंधी आणि नळ्या द्यायचे. लहानपणी इतर मुली बाहुल्यांना न्हाऊ घालत होत्या तेव्हा मी स्क्रू रॉकेलमध्ये भिजवत होते. दुकान गेलं, वडील गेले, हत्यारांचा एक पत्र्याचा डबा तेवढा माझ्यामागे आला. तोच मग फळीवरून काढला.

"गोळ्या?"

"काढल्यात."

"दाखवा."

"काढल्यात म्हटलं ना!"

"माझ्या बापाच्या दुकानात 'काढल्यात' म्हणणाऱ्या माणसाने छताला भोक पाडलं होतं. दाखवा."

ह्यांनी खिशातून सहाही गोळ्या काढून वाटीत टाकल्या. मी चक्री बाहेर पाडली, सहाही घरांतून पलीकडचा उजेड बघितला, बोट घालून बघितलं आणि मगच खुर्ची ओढली. चक्री म्हणजे सहा गोळ्यांचं ते गोल. चाप ओढला की ते एक घर पुढे सरकतं आणि मागचा घोडा, म्हणजे ती हातोडी, गोळीवर पडतो. एवढंच यंत्र आहे. पण ते गोल केसाइतकं घासलं तरी सगळं जड होतं. मी अंगठ्याने फिरवून पाहिलं. दोन घरं सरकलं आणि रुतलं.

"तेल घातलंत ना? परत?"

"थोडंसं."

"किती वेळा सांगू हो? तेल म्हणजे काही औषध नाही, जास्त घातलं की बरं वाटायला. धूळ बसते, चिखल होतो. बोळ्याला पुसून घ्यायचं, बाटली उपडी करायची नाही."

ह्यांनी नुसती मान हलवली. एरवी एकाला दोन सुनावणारा माणूस. कंपनीत ह्यांना सगळे 'खांब' म्हणतात, बँकेच्या दारात तासन् तास हलत नाहीत म्हणून. घरातही तसेच उभे राहिले. मी म्हटलं, बसा तरी, खांबाला बसायचं काय भाडं पडतं का.

काळजी होती हे मला कळत होतं. दुसऱ्या दिवशी तपासणी होती. हे पैशांच्या गाडीवर पहारेकरी. स्वतःचं परवान्याचं हत्यार आहे म्हणून ती जागा मिळाली. गाडीत दोनच माणसं, ड्रायव्हर आणि हे. ड्रायव्हर पेट्या उतरवतो, हे दारात उभे राहतात. दर तीन महिन्यांनी तपासणीचा साहेब येतो, रिकामं हत्यार माणसाच्या हातात देतो आणि चाप सहा वेळा सलग ओढायला लावतो. गेल्या दोन्ही वेळा ह्यांची चक्री अडकली. साहेबाने हत्यार दुरुस्तीला मुदत दिली, कामावर मात्र ठेवलं, कारण माणसंच मिळत नाहीत. पण तिसऱ्यांदा अडकली तर गाडीवरून खाली, असं बजावलं होतं. आणि गाडीवरून खाली म्हणजे घरी. ह्या वयात दुसरीकडे कोण उभं करणार? माझ्या शिवणाच्या मशीनवर घर चालेल असं म्हणायला ठीक आहे, चालत नाही.

म्हणून मी चिडचिड करत का होईना, मन लावून बसले. टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं, खिडकी उघडली, वाटीत रॉकेल घेतलं. बाजूचा स्क्रू काढून चक्री तिच्या दांडीसकट सोडवली. नळीतून गज घातला, त्याला जुन्या बनियनची चिंधी. चिंधी जशी गेली तशी बाहेर आली, पांढरी. घरं पाहिली, ती पण चकचकीत. बाहेरून तर तोंड बघून घ्यावं असं हत्यार. मला नवल वाटलं. तेलाचा चिखल असता तर सगळीकडे असता. मग रुततंय कुठे?

चक्रीच्या मागच्या तोंडाला एक चांदणी असते. दांडी दाबली की ती वर उचलली जाते आणि रिकामी काडतुसं बाहेर ढकलते. तिच्याखाली कचऱ्याचा कण जरी अडकला तरी ती नीट बसत नाही, मागे घासते, आणि चक्री रुसते. वडील म्हणायचे, दुखणं सांगतात पोटाचं आणि काटा असतो पायात. मी दांडी दाबली, चांदणी वर आली, आणि जुन्या दातांच्या ब्रशने खालून खरवडलं.

वर्तमानपत्रावर चुरा पडला. काळा नाही. हिरवा.

मी बोटाने चिरडला. वास घेतला. आमच्या न्हाणीतला साबण.

आधीच्या दोन्ही वेळी मला तिथे चिकट लगदा मिळाला होता आणि मी तेलाच्या नावाने बोटं मोडून मोकळी झाले होते. साबण तेलात विरघळलेला होता, ओळखू कसा येणार? ह्यावेळी एका कोपऱ्यात कोरडा राहिला. आणि साबण काही चालत जाऊन चांदणीखाली बसत नाही. दांडी दाबून धरायची, टोकदार काहीतरी घेऊन आत भरायचा, वरून पुसून घ्यायचं. वरून कीर्तन, आतून तमाशा.

"हा साबण कोणी घातला?"

ह्यांनी खिडकीबाहेर बघितलं.

"मी तुमच्याशी बोलतेय. भूत आलं होतं का अंघोळीला?"

"मीच घातला."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. इतक्या वर्षांच्या संसारात ह्या माणसाने चप्पल उलटी पडली तरी सरळ करून ठेवली. रोज संध्याकाळी ह्या हत्याराला मुलासारखं पुसणारा माणूस, तो त्यात साबण भरतो?

"का?"

ते बसले शेवटी. उजवा हात टेबलावर ठेवला, पालथा, साबणाच्या चुऱ्याशेजारी. म्हणाले, "बोट मिटत नाही."

"म्हणजे?"

"चाप ओढायचं बोट. अर्ध्यापर्यंत येतं, पुढे जोरच नाही. अंगठा पण तसाच. डॉक्टर म्हणाला, सांधे झिजलेत. दुखणं कमी करता येईल, ताकद परत येणार नाही."

"कुठला डॉक्टर? तुम्ही तर ब्लडप्रेशरसाठी जात होता."

"तेच सांगितलं होतं तुला."

मी त्या बोटाकडे बघत राहिले. मधला सांधा सुपारीएवढा झालेला. सहा महिने मी ह्यांच्या कॉलरचं बटण लावत होते आणि वर टोमणे मारत होते की म्हातारपणी लाड सुचतायत. मला कसं दिसलं नाही? रोज माझ्यासमोर ताटात जेवतो तो हात. पण दिसलं नाही, हे खरं.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. चक्री अडकली तर दोष हत्याराचा, दुरुस्तीला मुदत मिळते. बोट अडकलं तर दोष माणसाचा, त्याच दिवशी घरी. म्हणून तपासणीच्या आधी साबण, तपासणीत चक्री अडकल्याचं नाटक, मग हत्यार माझ्याकडे. मी साफ करून द्यायचे, तीन महिने निघायचे. ह्यावेळी साबण भरला तो मात्र तपासणीसाठी नाही, हत्यार आदल्या दिवशीच माझ्यासमोर उघडं पडावं म्हणून. नाचता येईना अंगण वाकडं, असं आपण लेकरांना हसून सांगतो. इथे तर माणूस स्वतःच्या हाताने अंगण खणून ठेवत होता.

"आता उद्या काय?" मी विचारलं. "उद्या चक्री फिरेल. मी फिरवून देते. मग चाप कोण ओढणार?"

ह्यावर ह्यांनी जे सांगितलं ते ऐकून माझ्या हातातला ब्रश खाली पडला. आवाज एकदम मऊ केला. लग्नाची मागणी घालतानासुद्धा इतका मऊ नव्हता.

"तुला कमान सैल करता येते ना? तुझ्या वडिलांकडे बघितलंस तू."

मुठीच्या आत घोड्याची कमान असते, स्प्रिंगची पट्टी. तिच्यावर खालून एक स्क्रू दाबून असतो. तो मागे घेतला की चाप लोण्यासारखा ओढला जातो, लहान पोर ओढेल. पण मग घोडा पण तसाच पडतो, मऊ. काडतूस पेटलं तर पेटलं, नाही तर टक् करून गप्प. रिकाम्या हत्यारावर कुणालाही पत्ता लागत नाही. साहेबाला तर नाहीच. आमच्या दुकानात कितीतरी माणसं हे करून मागायला यायची आणि वडील सगळ्यांना चहा पाजून परत पाठवायचे.

"नाही," मी म्हटलं.

"अगं, आजवर एक तरी गोळी झाडावी लागली का मला? हत्यार दाखवायलाच असतं."

"मग लाकडाचं घेऊन जा. रंग मी देते."

"चेष्टा नको करूस."

"चेष्टा कोण करतंय? गाडीत तुम्ही एकटे असता का? तो ड्रायव्हर पोरगा पेटी घेऊन पाठमोरा चालतो. कशाच्या भरवशावर? त्याची मुलगी अजून रांगतेय. कुंपण म्हणून उभे राहता ना तुम्ही? सांगा त्याला की कुंपण चितारलेलं आहे."

"मग मी काय करू?" ह्यांनी टेबलावर हात आपटला आणि आपटल्या आपटल्या कळ गेली, तोंड वाकडं झालं. "घरी बसू? सकाळी उठून काय करू? तू मशीन चालवशील आणि मी सुईत दोरा ओवू? तो पण ओवता येत नाही मला!"

मला राग आला होता, खूप आला होता, पण ह्या वाक्यावर तो कुठे गेला कळलं नाही. शेजारच्या घरात कुणाचा तरी रेडिओ चालू होता. मला इतकं थकल्यासारखं झालं की तिथेच टेबलावर डोकं टेकावं, रॉकेलच्या वासात.

"डाव्या हाताने?" मी विचारलं थोड्या वेळाने.

"डाव्याने माझी भिंत पण चुकते."

हसू आलं दोघांना. कोरडं, पण आलं.

मग मी काम पुरं केलं. दुसरं काय करणार, अर्धवट सोडायची मला सवय नाही. चांदणीखालचा सगळा साबण गरम पाण्याने, मग रॉकेलने काढला. दांडी ढिली होती, आटे उलटे असतात तिचे, तशी घट्ट केली. सगळं कोरडं पुसलं, दांडीवर आणि चांदणीच्या बुडाला एकेक थेंब तेल दिलं, एकच, आणि जोडलं. कमानीच्या स्क्रूला हात लावला नाही, उलट थोडा सैल वाटला तो कसून बसवला. चक्रीला बोट लावलं तर फिरतच राहिली, बारीक टिकटिक करत. इतकं छान काम माझ्या हातून कित्येक वर्षांत झालं नव्हतं. मला त्याचा आनंद झाला हे पण खरंच.

"ओढून बघा," मी म्हटलं.

ह्यांनी भिंतीकडे धरून ओढलं. चाप अर्ध्यावर आला, घोडा उचलला गेला आणि बोट सुटलं. परत. परत तेच. मग रिव्हॉल्व्हर खाली ठेवून म्हणाले, "ठीक आहे. उद्या होईल ते होईल."

खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. साहेब काय ते बघून घेईल. मी नाही म्हणाले ते म्हणाले, पण माणसाला घरी बसवायचं पाप तरी माझ्या माथी नाही. साहेब सांगेल, कागद देईल, हे चार दिवस रुसतील, मग सवय होईल. असं सगळं मी मनात मांडून ठेवलं आणि झोपले.

सोमवारी दुपारी जिन्यात हसण्याचा आवाज आला. दार उघडलं तर हे, आणि मागे तो ड्रायव्हर. ह्याची जीभ टाळूला कधी लागत नाही.

"काकू, पेढे काढा! काका पास!"

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी नजर चुकवली, पण चेहरा उजळला होता. किती महिन्यांनी.

"साहेबांनी चक्री फिरवली," ड्रायव्हर बूट काढता काढताच सांगत होता, "आणि काकू, ती थांबेचना! साहेब दुसऱ्या साहेबांना बोलवून दाखवायला लागले. म्हणाले, कोणी केलंय हे काम? काका म्हणाले, घरच्यांनी. सगळे हसले. मागे ही मोठी रांग, साहेबांना उशीर झालेला. म्हणाले, असं हत्यार ठेवणाऱ्याचं काय तपासायचं, आणि केली सही!"

"चाप ओढायला नाही सांगितला?"

"नाही ना! गंमत आहे काकू तुमच्या हाताची."

मी पाणी आणायला आत गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले. गंमत आहे माझ्या हाताची. बोट गेलेलं, आणि पास झाला माझ्या हातांमुळे. मी जरा वाईट काम केलं असतं, एक थेंब तेल जास्त घातलं असतं, तर साहेबाने चाप ओढायला लावला तरी असता. आता तीन महिने कुणी विचारणार नव्हतं. दोन वाजता गाडी निघणार होती.

बाहेर हे म्हणत होते, "चल, घोटभर चहा घेऊ आणि निघू." तो जुना आवाज, भरलेला. मला वाटलं, राहू दे. तीन महिने. कोण येतंय गाडी लुटायला. आजवर आलं का कुणी? ह्यांचंच वाक्य माझ्या डोक्यात, माझ्याच आवाजात.

पाण्याचे पेले घेऊन बाहेर आले. ड्रायव्हरने एक उचलला.

"अहो," मी म्हटलं, "रिव्हॉल्व्हर काढा. गोळ्या बाहेर काढून ठेवा टेबलावर."

"आता कशाला?"

"काढा."

ह्यांना कळलं. चेहऱ्यावरचं सगळं तेज एका क्षणात उतरलं. तोंडाने नाही म्हणाले नाहीत, नजरेने म्हणाले. अशी नजर मी ह्यांची कधी बघितली नव्हती, परत बघवणार पण नाही. पण गोळ्या काढल्या. एकेक. हाताला जमेल तशा. ड्रायव्हर हसत बघत होता, त्याला वाटलं काकू काहीतरी कारागिरी दाखवणार.

"आता ह्याच्यासमोर ओढा चाप."

हत्यार हातात घेतलं. भिंतीकडे धरलं. आणि ओढलंच नाही. तसेच उभे राहिले. मग टेबलावर ठेवलं आणि ड्रायव्हरकडे वळले.

"नाही ओढला जात रे," हे म्हणाले. "बोट गेलंय माझं."

"गेलंय म्हणजे?"

"ताकदच नाही. गोळी सुटणार नाही माझ्या हातून."

ड्रायव्हर अजून अर्धवट हसत होता. माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. मग हसू गेलं.

"कधीपासून, काका?"

"गेल्या उन्हाळ्यापासून."

तो खाली बसला. खुर्चीवर नाही, जिथे उभा होता तिथेच, भिंतीला टेकून. हातातला पेला तसाच.

"पुलाखाली," तो म्हणाला. "पावसाळ्यात. टेम्पो आडवा लावून ते दोघं उभे होते. मी म्हटलं होतं, काका, गाडी मागे घेऊ का? तुम्ही म्हणालात, उतर, विचार त्यांना, मी आहे."

"हो."

"तुम्ही म्हणालात, घाबरू नकोस, मी आहे."

"म्हणालो होतो."

"आणि मी उतरलो, काका."

त्या दोघांचा टेम्पो खरंच बंद पडला होता, हे मला नंतर कळलं. त्या खोलीत त्याला काही अर्थ नव्हता. ड्रायव्हर चिडला असता तर बरं झालं असतं. तो पाणी प्यायला, सगळं, आणि पेला माझ्याकडे धरून म्हणाला, "काकू, अजून थोडं देता?"

मी आणून दिलं. आमच्या ह्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते. मला पण रडू येत होतं, पण कुणीतरी एकाने उभं राहायला हवं होतं. मग तेच म्हणाले, "साहेबांना फोन लाव. मीच सांगतो."

मी नंबर लावला आणि फोन त्यांच्या कानाला धरून उभी राहिले.